डायमंड कट अलॉय व्हील्स : रंगवायची, बफिंग करायची की पुन्हा लेथवर घ्यायची?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. १६ इंची अलॉय व्हील्स आहेत, कंपनीतून गाडीसोबतच आलेली. समोरचा भाग चकचकीत, खाचांमध्ये गडद राखाडी रंग. आजची अवस्था अशी : तीन चाकांच्या कडा फुटपाथला घासून खरवडल्यात, त्यातल्या एका कडेला जवळपास ३ मिमी खोल खळगा पडलाय. चारही चाकांवर पारदर्शक थराच्या आतून पांढऱ्या दोऱ्यासारख्या रेघा पसरत चालल्यात. बॅलन्सिंगची वजनं ठोकली आहेत तिथे आणि खाचांच्या कडेला त्या जास्त आहेत. मागच्या डाव्या चाकाची हवा आठवड्याला ४-५ पीएसआय उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही.

शंभर फुटी रोडच्या बाजूला विचारलं तर एक जण म्हणतो लांबी (पुट्टी) भरून चारही चंदेरी करून देतो. दुसरा म्हणतो बफिंग मारून, म्हणजे फिरत्या कापडी चकतीने घासून, आरसा करतो. तिसरा मार्ग सीएनसी लेथचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर चाकाचा समोरचा भाग पुन्हा कातरायचा. माझं मत, कंपनीची फिनिश आहे तशीच परत आणावी, म्हणजे लेथ. जाणकारांनी सांगावं.

बफवाला

आधी फिनिश कोणती ते नक्की करा, बाकी सगळं त्यावर ठरतं. उन्हात चाक हळू फिरवून बघा. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसल्या आणि तिरक्या उजेडात इंद्रधनुषी झाक आली तर डायमंड कट. रेषा नाहीत आणि आरशासारखा आपला चेहरा स्वच्छ दिसतो, तर पॉलिश.

दुसरी परीक्षा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, आहे की नाही याची. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घ्या आणि आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी घासा. फडकं काळं झालं तर उघडं अ‍ॅल्युमिनियम आहे. फडकं काळं झालं नाही तर वर लॅकर आहे, आणि तुम्ही नुसतं लॅकर घासताय. लॅकरवर मेटल पॉलिश मारत बसलं की तो थर धुरकट होतो आणि आतली पांढरी रेघ जिथल्या तिथे राहते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माणदेशी

वाखूसा (वाचनखूण साठवली आहे). माझ्याही चाकांना हाच रोग आहे.

कुपवाड_लेथ

कृष्णाकाठ साहेब, वर्णनावरून डायमंड कटच आहे. कारखान्यात ते कसं होतं ते सांगतो, म्हणजे दुरुस्तीत कुठे काय चुकतं ते कळेल. आधी पूर्ण चाकाला प्रायमर आणि गडद रंग देऊन भट्टीत भाजतात. मग सीएनसी लेथवर चाक पकडून पीसीडी टूलने, म्हणजे कृत्रिम हिऱ्याचं टोक असलेल्या हत्याराने, समोरचा चेहरा कातरतात. उंच भागावरचा रंग निघून उघडा धातू येतो, खाचांमधला रंग राहतो. त्यावर पारदर्शक थर देतात.

पांढऱ्या रेघांचं मूळ इथेच आहे. कातरल्यावर चेहरा आणि खाच यांच्यामध्ये धारदार कोपरा तयार होतो. ओला थर सुकताना धारेवरून मागे ओढला जातो, म्हणून लॅकर नेमकं तिथेच सगळ्यात पातळ. दगडाचा टवका उडाला, क्लिपवालं वजन ठोकताना लॅकर तडकलं, की पाणी आणि क्षार आत शिरतात. हवेत ७५ ते ९५ टक्के दमटपणा असेल तर गंज दोऱ्यासारखा लॅकरखालून पुढे सरकतो. पुढचं टोक आम्लधर्मी असतं, ते धातू खातं, आणि मागे पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड सोडत जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याला हवं ते सगळं मिळतं.

दुरुस्तीत लेथचं काम सगळ्यात शेवटी येतं. आधी चाक सरळ हवं, तडा नसावा, लॅकर आणि रंग केमिकलने पूर्ण निघालेला असावा, खाचांना नवा रंग बसून भाजलेला असावा. मग चाक चकमध्ये बसवून प्रोब चेहऱ्यावरून फिरतो, प्रत्येक चाकाचा खरा आकार टिपतो, आणि त्या आकाराबरहुकूम टूल चालतं. एका कटला साधारण ०.१ ते ०.३ मिमी धातू जातो. म्हणून एक चाक आयुष्यात दोनतीनदाच कातरावं. आधी कुठे कातरून आणलं असेल तर तेही विचारात घ्या.

तुमचा ३ मिमीचा खळगा कटने जाणार नाही. तेवढा धातू काढला तर चाकाची कड बारीक होईल. तिथे आधी आर्गन वेल्डिंगने भर टाकून मगच लेथ.

पेंटबूथ_सातारा

लांबीबद्दल लगेच सांगतो. लांबी वाईट नाही, पण तिची जागा ठरलेली आहे. रंगवायच्या चाकावर, बाहेरच्या कडेच्या खरवडीत, १ मिमीच्या आतबाहेर भरायला चालते, तीही अ‍ॅल्युमिनियम भुकटीवाली पॉलिएस्टर लांबी. डायमंड कट किंवा पॉलिश फिनिशमध्ये लांबीचा प्रश्नच येत नाही, कारण वर रंगच नाही. कातरल्यावर तिथे राखाडी डाग दिसेल. आणि टायर ज्या खोबणीत बसतो त्या बीड सीटवर लांबी कधीही नाही. टायर चढवताना ती फुटते आणि हवा तिथूनच जाते.

टायरवाला_मिरज

हवा उतरते त्याचं बोला आधी. रंगाची चर्चा नंतर.

चाक काढून ३५ पीएसआय भरा, आडवं टाका, साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा. पहिल्यांदा वॉल्व्हच्या मुळाशी, मग बाहेरची बीड, मग आतली बीड, मग बॅरल म्हणजे रिमचा आतला पिंपासारखा भाग. बॅरल बघताना घाई करायची न्हाई, बारीक तडा असला तर बुडबुडा यायला दोन-तीन मिनिटं लागतात. बुडबुडे बीडला गोलाकार येत असतील तर खाली पांढरी पावडर धरलीय. टायर उतरवायचा, ती पावडर स्कॉचब्राइटने आणि स्टेनलेसच्या ब्रशने काढायची, फडक्याने पुसून बीड सीलर लावायचा. साधा लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर गंजतात. वॉल्व्ह रबरी असेल तर तो बदलूनच टाका, टीआर ४१३ लागतो, ११.३ मिमीच्या भोकाचा.

बुडबुडा बॅरलमधून आला तर मग तडा. तो बहुधा आतल्या कडेला असतो, कारण खड्ड्याचा मार तिथे बसतो आणि बाहेरून दिसत नाही.

गॅरेजताई

टायरवाल्या दादांना +१. त्यात एक भर. तडा आहे असा संशय असेल तर पंक्चरवाल्याच्या बाथमध्ये चाक बुडवून न थांबता डाय पेनिट्रंट करून घ्यावं. तीन डब्यांचा संच मिळतो : क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. जागा स्वच्छ आणि कोरडी करून लाल रंग मारायचा, १० ते २० मिनिटं मुरू द्यायचा. मग तो फडक्याने पुसायचा. क्लीनर फडक्यावर घ्यायचा, चाकावर थेट मारायचा नाही, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन जातो. वर डेव्हलपरचा पातळ थर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ही तपासणी लॅकर काढल्यावरच करा. लॅकरवरची चीर आणि धातूतला तडा यात यामुळे गोंधळ होत नाही.

आणि कृष्णाकाठ, सांगलीत आहात म्हणून विचारते. २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या पाण्यात गाडी होती का? त्या गाळाचा थर बॅरलच्या आत सुकून बसतो, ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक रिम वाकली समजून प्रेसवर नेतात. आधी आतून धुऊन पुन्हा बॅलन्सिंग, मग पुढचं.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, गाडी पुरात नव्हती. थरथर नाही. हवेचं टायरवाले दादा म्हणतात तसं तपासून लिहितो.

अजिंक्यतारा

माझं मत वेगळं आहे. लेथच्या नादी लागूच नका. डायमंड कटवर परत तोच पातळ लॅकर येणार, तोच धारदार कोपरा राहणार, आणि पावसाळ्यात रेघा परत. सरळ चारही चाकांना पूर्ण पावडर कोटिंग करा. थर ६० ते १०० मायक्रॉनचा बसतो, टवके कमी उडतात, आणि परत खरवडलं तर तेवढंच दुरुस्त करता येतं. पोवई नाक्यावरून यवतेश्वर घाट चढून कासला जाणाऱ्या गाड्या बघा, पावसाळाभर चाकांना ओल आणि चिखल. तिथे चकचकीत धातू उघडा ठेवणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणं.

बफवाला

अजिंक्यतारा, पावडर टिकाऊ आहे हे मान्य. पण भट्टीबद्दल बोलायला हवं. बहुतेक कास्ट चाकं ए३५६ मिश्रधातूची असतात, त्यात ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. ती ५३५-५४० अंशांना तापवून पाण्यात विझवतात आणि मग १५०-१७० अंशांना काही तास ठेवून कडक करतात. यालाच टी६ म्हणतात. पावडर १८०-२०० अंशांना भाजतात. १०-२० मिनिटांत फार काही बिघडत नाही, पण भट्टीवाल्याने चाक तासभर आत विसरलं, किंवा पाच वर्षांत तीनदा रंग बदलला, तर कडकपणा उतरायला लागतो. चाकाकडे बघून ते कळत नाही.

पेंटबूथ_सातारा

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. पावडर देणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. एक, वेळ कशी मोजता? भट्टीचा काटा २०० दाखवतो तेव्हापासून, की चाकाच्या धातूचं तापमान तिथे पोचल्यापासून? जाड हबला तापायला वेळ लागतो, म्हणून धातूवर प्रोब लावून मोजणारा माणूस शोधा. दोन, पावडर मारण्याआधी रिकामं चाक भट्टीतून काढता का? कास्ट धातूत बारीक छिद्रं असतात, त्यात हवा आणि तेल अडकतं. ते आधी बाहेर काढलं नाही तर भाजताना फुगून पावडरमध्ये टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मग ग्राहक म्हणतो पावडर खराब, आणि पावडरवाला म्हणतो चाक खराब.

ओल्या रंगाची पद्धत हवी असेल तर अशी. जुना थर केमिकलने काढा. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकणारा असेल तर चाक उचलून परत आणा. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमच खातं, हायड्रोजन वायू सुटतो आणि चाकाचा पृष्ठभाग खडबडीत होतो. काही स्ट्रिपरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं, ते बंद खोलीत वापरायचं नाही. ब्लास्टिंग करायचं तर काचेचे मणी किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि कमी दाबावर. स्टीलचे छर्रे नको, ते धातूत रुततात.

मग १८० नंबरच्या पेपरने खरवडीच्या कडा उतरत्या करायच्या, ३२० ने सगळं सपाट, पुसून कोरडं, हात न लावता इपॉक्सी प्रायमर. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा सर्फेसर थेट मारला तर सहा महिन्यांत पापुद्रा उठतो. प्रायमर सुकल्यावर ६०० चा पाणीपेपर, मग चंदेरी बेसचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं. धातूच्या कणांचा रंग ओला-जाड मारला की कण वाहतात आणि ढगासारखे पट्टे येतात. शेवटी टूके क्लिअरचे (हार्डनर मिसळायच्या पारदर्शक थराचे) दोन हात, ४०-६० मायक्रॉनपर्यंत. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या, अंदाजपंचे नाही. टूकेमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा कापडी मास्क पुरत नाही.

हायपर सिल्व्हर असेल तर ही पद्धतही बदलते. तो काळ्या थरावर चंदेरीचा अगदी पातळ फवारा असतो, म्हणून एका जागी टचअप करून रंग जुळतच नाही. अख्खा चेहरा मारावा लागतो.

शेतकरी_वाळवा

खरवड थोडीच असेल तर घरी करता येतं का? पाणीपेपर आणि स्प्रेचा डबा घेऊन?

बफवाला

रंगीत चाक असेल आणि खरवड फक्त कडेला असेल तर येतं. डायमंड कट घरी होत नाही, हाताने घासून त्या गोल रेषा उमटत नाहीत. पॉलिश केलेलं, लॅकर नसलेलं चाक मात्र घरी छान होतं, हात दुखतात इतकंच.

पॉलिशची पद्धत लिहितो. खरवड जिथे खोल आहे तिथेच २४० ने सुरुवात, बाकी चाक ४०० पासून. मग ६००, ८००, १०००, १५००, २०००. पेपर पाण्यात भिजवून, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. प्रत्येक टप्प्याला दिशा ९० अंशांनी बदला. नव्या पेपरच्या रेषांमध्ये जुन्या आडव्या रेषा दिसत असतील तर पुढे जायचं नाही. बहुतेकांचं काम इथेच फसतं. ४०० ची एक रेघ राहून जाते, बफवर गेल्यावर ती आरशात तड्यासारखी उठून दिसते, आणि सगळं परत ४०० पासून करावं लागतं.

मग सिसल (घायपाताच्या धाग्याचा) बफ आणि कटिंग सोप (सोप म्हणजे बफला लावायची पॉलिशची वडी), त्यानंतर शिलाई केलेला कॉटन बफ, शेवटी सुटा मऊ कॉटन बफ पांढऱ्या सोपने. प्रत्येक सोपला वेगळा बफ, एकमेकांत मिसळायचे नाहीत. ६ इंची बफ २८०० आरपीएमच्या आसपास पुरतो. चाक हाताला चटका लागेपर्यंत तापवू नका. तापलं की धातू ओढला जातो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. कास्ट चाकात एका हद्दीपलीकडे दाबून बफ केलं तर कातडी निघून आतली छिद्रं उघडी पडतात. ती दिसायला लागली की थांबायचं, अजून घासल्याने नवीच उघडतात.

सोपचा चिकटपणा मिनरल टर्पेंटाइनने काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि लोखंड घासायच्या ग्राइंडरवर अ‍ॅल्युमिनियम घासू नका. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाची ठिणगी एकत्र आली तर आग लागते. भुकटी रोज झाडून काढायची, कोपऱ्यात साठू द्यायची नाही.

माणदेशी

आरसा झाल्यावर वर लॅकर मारला तर कायमचा टिकेल ना?

बफवाला

नाही. आरशासारख्या गुळगुळीत धातूला लॅकर धरायला जागाच नसते. पहिल्या टवक्याला कागदासारखा सुटतो. पकड यावी म्हणून घासलं तर आरसा जातो. पॉलिश चाक उघडंच ठेवावं आणि वर वॅक्स किंवा सीलंट. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी परत पॉलिश मारायची तयारी असेल तरच हा मार्ग घ्या. कृष्णाकाठ, तुम्हाला बफिंगचा आरसा सुचवणाऱ्याने हे सांगितलं का ते विचारा.

कुपवाड_लेथ

डायमंड कटच्या बारीक रेषांमुळे लॅकरला थोडी पकड मिळते, म्हणून तिथे लॅकर चालतो. पण कातरल्यावर लगेच मारायला हवा. उघडं अ‍ॅल्युमिनियम रात्रभर ठेवलं, कुणी बोटं लावली, तर त्या बोटांचे ठसे सहा महिन्यांनी लॅकरखालून पांढरे होऊन वर येतात. कूलंटचा अंशही राहता कामा नये. आणि अजिंक्यतारा म्हणतात त्या धारदार कोपऱ्यावर उपाय आहे : कातरल्यावर ती धार बारीक पेपरने किंचित मोडायची, तिथे लॅकर जाड बसतो. वेळ जातो म्हणून फार थोडे लोक करतात. तुम्ही आधीच सांगून ठेवा.

आर्गन_आप्पा

वेल्डिंगचं कुणी नीट लिहिलं न्हाई म्हणून लिहितो.

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, तो २००० अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू ६०० च्या आसपासच. म्हणून एसी करंटवर टिग (आर्गन वेल्डिंगच) लागतं, तो थर फोडायला. शुद्ध आर्गन, भर टाकायला ४०४३ नंबरचा अ‍ॅल्युमिनियम रॉड. जागा अ‍ॅसिटोनने पुसायची, स्टेनलेसच्या नव्या ब्रशने घासायची, तो ब्रश दुसऱ्या कुठल्या कामाला वापरायचा न्हाई. चाक १०० अंशांपर्यंत कोमट करायचं, त्याच्या फार वर जायचं न्हाई. अ‍ॅल्युमिनियम तापलं तरी लाल होत न्हाई, त्यामुळं डोळ्याला अंदाज येत न्हाई. तापमानाचा खडू वापरावा, तो ठरलेल्या तापमानाला वितळतो. नुसत्या गॅसच्या नळीनं तापवत बसणाऱ्याकडं चाक देऊ नका.

कडेचा खळगा भरणं वेगळं आणि तडा भरणं वेगळं. कडेवर भार कमी, तिथं भर टाकून कातरलं की काम झालं. ४०४३ आणि कास्ट चाकाचा धातू दोन्हीत सिलिकॉन असल्यानं रंगही जवळपास जुळतो. फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) ६०६१ मिश्रधातूच्या चाकावर मात्र भर टाकलेली जागा वेगळी दिसते. वेल्डमध्ये हवेचं छिद्र राहिलं तर कातरल्यावर सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं, तिथं परत भर टाकावी लागते.

तडा बॅरलच्या आतल्या कडेला असेल, एकच असेल, आडवा छोटा असेल, तर काही जण टोकाला भोक पाडून, खाच करून, दोन्ही बाजूनं वेल्ड करतात. पण वेल्डच्या बाजूची पट्टी मऊ पडते, टी६ तिथं राहत न्हाई. आरीत म्हणजे स्पोकमध्ये, हबजवळ किंवा बोल्टच्या भोकाजवळ तडा असेल तर वेल्ड करू नका आणि करून घेऊ नका. ते चाक भंगारात.

गॅरेजताई

आप्पा, अगदी बरोबर. नवं चाक बाजारात येण्याआधी त्यावर आयएसओ ३००६ प्रमाणे वळणाच्या आणि वजनाच्या थकव्याच्या चाचण्या होतात, आयएसओ ७१४१ प्रमाणे १३ अंशांत तिरकं ठेवून वरून वजन पाडतात. वेल्ड केलेल्या चाकावर यातलं काहीच होत नाही. खंबाटकी घाट उतरताना भरलेल्या गाडीत हे लक्षात ठेवावं.

वाकलेली रिम सरळ करण्याचंही तसंच. हायड्रॉलिक प्रेसवर हळूहळू, डायल गेज लावून. रनआउटची, म्हणजे फिरताना रिम किती डोलते त्याची, मर्यादा गाडीनुसार ०.३ ते ०.७ मिमीच्या आसपास असते, मॅन्युअल बघा. हातोडा मारून सरळ करणाऱ्याकडे नेऊ नका. ज्या जागेला एकदा वाकवून सरळ केलंय तिथे डाय पेनिट्रंट परत करायचं, कारण सरळ करतानाच तडा जातो.

यवतेश्वर_रायडर

नंतरच्या निगेबद्दल लिहितो, ती चुकली तर सगळा खर्च वाया. पसरणी घाट उतरून आलात तर चाक तापलेलं असतं आणि ब्रेकच्या लोखंडाचे गरम कण लॅकरमध्ये रुतलेले असतात. त्यावर लगेच थंड पाणी मारू नका. गार झाल्यावर आधी साधं पाणी, मग पीएच न्यूट्रल शाम्पू, मऊ ब्रश. कण घट्ट बसले असतील तर आयर्न रिमूव्हर, ज्याचा रंग लोखंडाला लागल्यावर जांभळा होतो. चाकावर वाळू देऊ नका.

काही वॉशिंग सेंटरवर चाकांवर पातळ केलेलं अ‍ॅसिड मारतात, पाच सेकंदांत काळं निघतं. लॅकरला एक जरी टवका असेल तर अ‍ॅसिड आत शिरून पांढऱ्या रेघांची सुरुवात तिथूनच होते. गाडी देताना स्पष्ट सांगा, चाकाला फक्त शाम्पू. फरशी साफ करायचं अ‍ॅसिड तर अजिबात नाही, त्यातलं क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतं.

टायरवाला_मिरज

आणि बॅलन्सिंगला क्लिपवालं वजन ठोकू देऊ नका. आतून चिकटवायचं वजन लावायला सांगा. तुमच्या रेघा तिथूनच सुरू झाल्यात की.

कृष्णाकाठ (सांगली)

तपासून आलो. मागच्या डाव्या चाकाला बीडमधून बुडबुडे नाहीत, वॉल्व्ह ठीक. बॅरलच्या आतल्या कडेला तडा आहे, साधारण २० मिमी, कडेपासून आतल्या बाजूला जाणारा. लाल रेघ स्पष्ट उमटली. बाकी तिन्हींमध्ये तडा नाही. रनआउट तिन्हींचा मर्यादेत.

आता मूळ प्रश्न परत. हे चाक वेल्ड करून चारही लेथवर घ्यावीत, की चारही रंगवावीत?

आर्गन_आप्पा

कडेपासून आत जाणारा तडा म्हणजे तो वाढायच्या मार्गावर हाय. मी वेल्ड करणार न्हाई. त्याच मापाचं एक चाक घ्या.

कुपवाड_लेथ

आप्पांशी सहमत. चाक घेताना फक्त १६ इंच बघू नका. रुंदी, पीसीडी (इथे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, हिऱ्याचं टूल नव्हे), ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर) आणि मधलं भोक, चारही जुळायला हवेत. ऑफसेट चाकाच्या मागे ईटी म्हणून कोरलेला असतो. आणि वापरलेलं चाक घेत असाल तर डाय पेनिट्रंट करूनच पैसे द्या.

तीन चाकांचं : खळगा असलेल्याला कडेवर भर, मग तिन्ही लेथवर. आलेलं चौथं चाकही त्यांच्यासोबतच कातरा. एक नवं आणि तीन दुरुस्त असे ठेवले तर कटच्या रेषांची जाडी वेगळी दिसते. चारही एकाच मशीनवर एकाच फीडने (टूल सरकायच्या वेगाने) घ्या.

अजिंक्यतारा

मी अजूनही पावडर म्हणेन, पण चाकं सरळ आणि तडा नसलेली आहेत म्हटल्यावर लेथही चालेल. धार मोडून घ्यायची अट मात्र सोडू नका.

पेंटबूथ_सातारा

कोणताही मार्ग घ्या, दोन जागा झाकायला सांगा : हबला टेकणारा मागचा सपाट भाग आणि नट बसतात ते तिरके खड्डे. तिथे रंग किंवा पावडर राहिली तर नट रंगावर आवळला जातो, रंग दबून झिजतो आणि नट सैल पडतो. कोटेशनमध्ये टायर उतरवणं-चढवणं, थर काढणं, वेल्ड, रंग, कट, लॅकर आणि बॅलन्सिंग हे वेगवेगळं लिहून घ्या. एकच आकडा लिहिलेला असेल तर यातलं काय करणार नाहीत ते कळत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

ठरलं. चौथं चाक शोधतो, चारही लेथवर, धार मोडून, वजनं आतून चिकटवून. सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची शंका : काम चालू असताना गाडी स्टेपनीवर ठेवायची आहे. स्टेपनी लोखंडी आहे. तिला अलॉयचेच नट चालतील?

टायरवाला_मिरज

कंपनीने दोन्हींना एकच नट दिला असेल तर चालेल, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बाजारातून घेतलेल्या अलॉयसोबत आलेले नट असतील तर लोखंडी चाकाला ते बसतीलच असं न्हाई. नटाचा उतार आणि चाकाचा खड्डा हाताने बसवून बघा, डुगडुगता कामा नये. चाकं परत चढवताना हबवरचा गंज घासून काढा, ग्रीस फक्त हबच्या मधल्या उंच कड्याला, नटाला आणि स्टडला न्हाई. नट समोरासमोरचे आवळत जा, शेवटचा घट्टपणा टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ५०-१०० किमी चालवून परत एकदा तपासा. आणि गाडी एकाच स्टेपनीवर उभी राहत न्हाई, चारही चाकं एकदम द्यायची असतील तर गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवून द्या, जॅकवर नको.